विदर्भातील शिळावर्तुळे आणि त्यांचे संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून काटोल रस्त्याने निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरच्या आत जुनापाणीची माळजमीन लागते. त्या माळावर काळ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे विखुरलेली आहेत. ती पाहून आलेले लोक, आसपासचे शेतकरी आणि अलीकडे प्लॉट घेऊ पाहणारे शहरवासी वारंवार जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंड या नागपूर जिल्ह्यातील स्थळांची आहेत.

शिळावर्तुळ म्हणजे नेमके काय?

ते दफनस्थान आहे. मृताची हाडे, त्याच्यासोबत ठेवलेली भांडी, हत्यारे आणि दागिने जमिनीवर किंवा उथळ खड्ड्यात मांडून त्यांवर काळी चिकण माती, मुरूम आणि गोट्यांची भर घालीत, आणि या भरावाच्या कडेने मोठ्या दगडांची गोल रांग बसवीत. बहुतेक वर्तुळांचा व्यास दहा मीटरच्या आगेमागे भरतो. नागपूरच्या पश्चिमेकडील टापूत दख्खनचा काळा पत्थर जागोजाग उघडा पडलेला असल्यामुळे हे दगड फार लांबून आणावे लागत नसत. मात्र ते कसेही रचलेले नाहीत. चांगल्या राखलेल्या वर्तुळात दगडांची सपाट बाजू बाहेरच्या अंगाला बसवलेली दिसते.

पाहणाऱ्याची नजर दगडांवर खिळते, हे स्वाभाविकच आहे. पण दगड ही कड आहे. जपायचे असते ते तिच्या आतील बुटके, मधोमध किंचित फुगलेले मातीचे उंचवटे. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

ही वर्तुळे किती जुनी आहेत, आणि त्यांना प्रागैतिहासिक म्हणणे योग्य आहे काय?

विदर्भातील महापाषाणीय (मोठ्या दगडांची दफने उभारणाऱ्या) संस्कृतीचा काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वी १००० ते ३०० असा मानला जातो. त्या लोकांचा लिहिलेला एक शब्दही आपल्याकडे नाही, या अर्थाने ती प्रागैतिहासिक ठरतात. पण हे लोक लोखंड वितळवीत आणि घोडे बाळगीत, त्यामुळे दगडी हत्यारांच्या युगाशी त्यांची गल्लत करू नये. अभ्यासक त्यांच्यासाठी ‘लोहयुगीन’ हा शब्द अधिक पसंत करतात आणि तोच नेमका आहे.

ती कोणी उभारली?

त्यांचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. गावोगावी ही वर्तुळे गवळी राजांच्या काळाशी जोडली जातात, परंतु विदर्भात ज्या जुन्या बांधकामाचा कर्ता ठाऊक नसतो ते गवळ्यांच्या खात्यावर टाकण्याची रीतच आहे. उत्खननांतून एवढे निश्चित दिसते की हे लोक काळी-तांबडी मातीची भांडी वापरीत, त्यांच्यात लोहारकामाचे उत्तम कसब होते, आणि समाजातील काहींना मरणानंतरही विशेष मान मिळत असे. नायकुंड येथे त्यांच्या वस्तीत लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली. वक्र विटांनी बांधलेली गोल भट्टी आणि भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या असे तिचे स्वरूप होते. वर्तुळांतील कुऱ्हाडी कोठून आल्या, हा प्रश्न त्यामुळे पुष्कळसा सुटला.

आत काय सापडते?

हाडे बहुधा थोडी व तुटक असतात. पूर्ण सांगाडा क्वचितच मिळतो. मृतदेह आधी अन्यत्र ठेवून नंतर निवडक हाडे येथे आणून पुरण्याची प्रथा असावी, असे यावरून मानतात. लोखंडी वस्तूंत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, बाणांची टोके, खिळे आणि घोड्याचे लगाम आढळतात. यांतील कुऱ्हाड थांबून पाहण्याजोगी आहे : तिला दांड्यासाठी भोक नाही, तर पात्याचा वरचा भाग लाकडाला लावून त्यावरून लोखंडी पट्ट्या आडव्या-तिडव्या आवळल्या आहेत. लाकूड केव्हाच कुजून गेले, पट्ट्या मात्र ज्या वळणावर आवळल्या होत्या त्याच वळणावर गंजून राहिल्या, आणि त्यामुळे दांड्याची जाडी आजही अंदाजता येते.

तांब्याच्या वस्तूंत घंट्या आणि झाकणावर पक्षी बसवलेली पात्रे आहेत. माहुरझरी येथे घोड्याच्या चेहऱ्यावर चढवायचा तांब्याचा अलंकार घोड्याच्या अवशेषांसह मिळाला. त्याच गावाच्या परिसरात कार्नेलियन आणि इतर रंगीत दगडांचे मणी घडवण्याचे काम चाले, आणि ते मणी दफनांतही येतात.

काही दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत. ते कशासाठी?

जुनापाणीला जाणाऱ्याने हे खळगे जरूर शोधावेत, पण भर दुपारी शोधू नयेत. सकाळी उन्हे तिरपी असताना दगडाच्या बाजूवर बोटाच्या पेराएवढ्या खोलगट सावल्यांची रांग उमटते. दोन तासांनी तोच दगड कोरा दिसतो. खळगे सरळ ओळीत, कधी दोन समांतर ओळींत असतात, आणि ते मुद्दाम कोरलेले आहेत याबद्दल शंका नाही. त्यांच्या ओळींचा संबंध सूर्योदयाच्या दिशांशी जोडणारे शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. हा तर्क तपासण्यासारखा आहे. तथापि शेकडो दगडांपैकी कोणता ना कोणता कोणत्या ना कोणत्या दिशेला रोखलेला असणारच, आणि गेल्या दीड शतकात कित्येक दगड जागचे हलले आहेत, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

म्हणजे हे आपले स्टोनहेंज आहे काय?

नाही. इंग्लंडमधील स्टोनहेंजचे मोठे दगड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे केले गेले, ते एकच भव्य बांधकाम आहे, आणि त्याची मांडणी सूर्याच्या उगवतीमावळतीशी जुळते. विदर्भातील वर्तुळे त्यापेक्षा दीड-दोन हजार वर्षांनी अलीकडची असून प्रत्येक वर्तुळ ही स्वतंत्र कबर आहे. त्यांचे महत्त्व संख्येत आणि परस्परांतील अंतरात आहे. एखाद्या वर्तुळाभोवतालची शंभर वर्तुळे नाहीशी झाली आणि ते एकटेच उरले, तर त्याचा निम्मा अर्थ गेला असे समजावे. तुलना करायचीच तर कर्नाटकातील हिरेबेनकलशी करावी. तेथील महापाषाणीय स्थळ २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाले.

यांचा अभ्यास केव्हापासून होत आहे?

नागपुरात हिस्लॉप कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतत होते, आणि बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. आज त्याच परिसरात बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आहे.

त्यानंतर जे. एच. रिव्हेट-कार्नाक या सनदी अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उघडली आणि १८७९ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. खळग्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणारा तोच. त्याने काढलेल्या वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे आधुनिक पद्धतीने, थर नोंदवीत खोदली. पुढे नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे, आणि डॉ. अरविंद जामखेडकर यांच्यासह नायकुंड येथे जी उत्खनने केली, त्यांवर आपले आजचे बहुतेक ज्ञान उभे आहे.

वर्तुळात गुप्तधन असते, हे खरे काय?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि सर्वाधिक नुकसानही याच समजुतीने केले आहे. काही वर्तुळांत सोन्याचे किरकोळ अलंकार मिळाले आहेत. पण बहुतांश वर्तुळांत गंजलेले लोखंड, फुटकी मडकी आणि हाडांचे तुकडे यांपलीकडे काहीही नसते. रात्री कुदळ-फावडे घेऊन येणाऱ्याला त्यांतले काहीच नको असते. तो मधोमध खड्डा पाडतो, खापऱ्या बाजूला भिरकावतो आणि निघून जातो. सकाळी उरतो तो ओल्या मुरमाचा ढीग आणि त्यात ताज्या मोडीची, आतून काळी व वरून तांबडी खापरे. ती पुन्हा गोळा करता येतात, परंतु कोणते भांडे कोणत्या हाडाजवळ होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये वेगळा गुन्हा आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सर्वच शिळावर्तुळे कायद्याने संरक्षित आहेत काय?

नाहीत, आणि हा गैरसमज दोन्ही बाजूंनी आढळतो. ‘प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८’ या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत किमान शंभर वर्षे जुनी वास्तू, थडग्याचा उंचवटा, दफनाची जागा आणि एकाश्म (एकसंध दगड) यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे शिळावर्तुळ ‘प्राचीन स्मारक’ या व्याख्येत सहज बसते. पण व्याख्येत बसणे वेगळे आणि संरक्षित असणे वेगळे. केंद्र शासनाने राजपत्रात अधिसूचना काढून राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित केले, किंवा त्याआधीच्या कायद्यांन्वये तशी घोषणा झालेली असली, तरच हा कायदा पूर्ण ताकदीने लागू होतो. नागपूर जिल्ह्यात जुनापाणीसह शिळावर्तुळांच्या अनेक नोंदी या यादीत आहेत. राज्य शासनाचा स्वतंत्र कायदा १९६० चा असून त्याखाली राज्य संरक्षित स्मारके घोषित होतात.

अडचण अशी की अधिसूचना गट क्रमांक आणि सीमा सांगते, आणि वर्तुळे सीमा जुमानत नाहीत. धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडील वर्तुळ राष्ट्रीय महत्त्वाचे आणि पलीकडील तितकेच जुने वर्तुळ केवळ वावरातले दगड, अशी स्थिती प्रत्यक्षात उद्भवते. आमच्या मते आजघडीला सर्वांत मोठा धोका या दुसऱ्या प्रकारच्या वर्तुळांना आहे.

घोषणा कशी होते? जमीन सरकारजमा होते काय?

केंद्र शासन प्रथम राजपत्रात दोन महिन्यांची सूचना प्रसिद्ध करते आणि तिची प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावली जाते. त्या मुदतीत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. हरकतींचा विचार केल्यानंतर अंतिम अधिसूचना निघते. घोषणेमुळे मालकी बदलत नाही आणि सातबारावरील नाव तसेच राहते. शासनाला संरक्षित क्षेत्र संपादित करण्याचा अधिकार आहे, पण ती वेगळी प्रक्रिया आहे. कायद्याखालील अधिकार वापरल्यामुळे मालकाचे किंवा कसणाऱ्याचे नुकसान झाले, तर नुकसानभरपाईचीही तरतूद आहे.

माझ्या शेतातील वर्तुळ संरक्षित क्षेत्रात आहे. मला शेती करता येईल काय?

येईल, मर्यादेसह. संरक्षित क्षेत्रात मालकालाही केंद्र शासनाच्या परवानगीशिवाय इमारत बांधता येत नाही, तसेच खाणकाम, दगड किंवा मुरूम काढणे, खोदकाम व सुरुंग लावणे यांना मनाई आहे. शेतीला मात्र मुभा आहे, आणि तिची मर्यादा पृष्ठभागापासून एक फूट खोदाईची. (मूळ इंग्रजी कलमात नकार एकात एक असे गुंतले आहेत की ते अक्षरशः वाचल्यास भलताच अर्थ निघतो, व्यवहारात मात्र ते एक फुटाची कमाल मर्यादा म्हणूनच समजले जाते.)

कायद्याने चालते ते वर्तुळाला सोसतेच असे नाही. बैलाच्या नांगराच्या काळात एक फूट ही पुरेशी सैल मर्यादा होती; ट्रॅक्टरचा फाळ तितका सहज उतरतो, आणि उथळ दफनात पहिले भांडे त्याहून वर असू शकते. म्हणून वर्तुळाचा आतला भाग पडीक ठेवावा आणि नांगर दगडांच्या बाहेरून वळवावा, अशी विनंती आहे. दहा मीटर व्यासाच्या वर्तुळाने अडते ती जमीन दोन गुंठेही भरत नाही.

जवळ घर बांधायचे आहे. शंभर मीटर आणि दोनशे मीटर हा काय प्रकार आहे?

२०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर हे ‘प्रतिबंधित क्षेत्र’ आणि त्यापुढील दोनशे मीटर हे ‘विनियमित क्षेत्र’ ठरते. ही मोजणी वर्तुळाच्या दगडापासून होत नसून संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून सर्व दिशांना होते. जुनापाणीसारख्या विस्तीर्ण स्थळी त्यामुळे पुष्कळ फरक पडतो, आणि सर्वाधिक वाद येथेच उद्भवतात.

प्रतिबंधित क्षेत्रात नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. तेथे १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मजला चढवणे किंवा खोली वाढवणे हे दुरुस्तीत येत नाही. विनियमित क्षेत्रात नवीन बांधकामासाठीही अर्ज करता येतो. सक्षम प्राधिकारी तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत आपले मत कळवते, आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय द्यावयाचा असतो.

लेआउटवाला म्हणतो, ‘एनए झाले आहे, काळजी नको.’ हे पुरेसे आहे काय?

पुरेसे नाही. अकृषिक परवानगी ही महसूल कायद्याची बाब आहे आणि ती स्मारक कायद्याखालील परवानगीची जागा घेत नाही. इसार देण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळ कार्यालयात गट क्रमांक व मोजणीचा नकाशा दाखवून लेखी उत्तर घ्यावे.

कोणी दगड हलवला, तर शिक्षा काय?

संरक्षित स्मारकाची नासधूस करणे, त्याचा भाग हलवणे किंवा त्याला इजा पोहोचवणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे. २०१० पूर्वी हीच शिक्षा तीन महिने व पाच हजार रुपये एवढीच होती.

‘दगड परत जागेवर ठेवला तर?’ असेही विचारतात. दगड ठेवता येईल. पण तो ज्या खाचेत बसला होता तिची माती, त्याखाली आधाराला दिलेले लहान गोटे आणि त्याचा कल परत आणता येत नाही. म्हणून विस्कटलेले वर्तुळ आपल्या हाताने नीट लावू नये. उत्साही मंडळींनी श्रमदानातून गोलाकार केलेली वर्तुळे अभ्यासकाला मोडक्या वर्तुळापेक्षा अधिक फसवतात.

नोंद नसलेले वर्तुळ आढळल्यास काय करावे?

भ्रमणध्वनीवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत, चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, शक्य असल्यास गट क्रमांक विचारून घ्यावा, आणि हे सर्व राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयाला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला लेखी कळवून पोच घ्यावी. तलाठ्याला व ग्रामपंचायतीला प्रत दिल्यास मुरमाचा परवाना देण्यापूर्वी निदान कोणाच्या तरी लक्षात येते. छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून गवत उपटू नये. होळीनंतरच्या दिवसांत गवत वाळून बसते, तेव्हा पुन्हा जावे.

नांगरताना किंवा विहीर खोदताना एखादी वस्तू हाती लागली, तर ती माझी होते काय?

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, जागा आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. हे दहा रुपये १८७८ चे आहेत, म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक वस्तू त्यात येते. याशिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुराणवस्तू कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. गंजलेले लोखंड पाण्याने धुऊ नये किंवा घासू नये. ते कोरड्या कागदात गुंडाळून, मिळाल्याची खूण जागेवर ठेवून कळवावे.

उरलेली वर्तुळे खोदून एकदाची माहिती काढून का घेत नाहीत?

उत्खनन म्हणजे वर्तुळ वाचताना ते नष्ट करणे होय. रिव्हेट-कार्नाकच्या काळी हाडांतून वय काढण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे त्याने उघडलेल्या वर्तुळांतून तेवढीच माहिती हाती आली जेवढी त्या काळी विचारता येत होती. उद्याचे प्रश्न आजच्यापेक्षा वेगळे असतील. शिवाय संरक्षित क्षेत्रात उत्खननासाठी केंद्राचा परवाना लागतो, आणि संरक्षित नसलेल्या क्षेत्रातही राज्य शासनाला केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय उत्खनन हाती घेता येत नाही. महाविद्यालयांनी हौशी खणकामाच्या फंदात न पडता मोजणी, नकाशे आणि नोंदी कराव्यात. त्या कामाला परवाना लागत नाही आणि ते पुष्कळ बाकी आहे.

पाहायला जायचे असल्यास काय लक्षात ठेवावे?

हिवाळ्यात, सकाळी आठच्या आत पोहोचावे. दगडांवर खडू किंवा पाणी लावून खळगे उठावदार करू नयेत. बाजूने विजेरीचा झोत टाकला की तेच काम होते. वर्तुळाच्या आत चूल पेटवू नये, गाडी माळावर आणू नये, आणि खापराचा तुकडा दिसला तर पाहून तेथेच ठेवावा. शेजारच्या वावरात पीक उभे असेल, तर धुऱ्यावरून जावे.